रात्री बोट घेऊन निघताय? आधी दिव्यांचं गणित समजून घ्या

दोन-तीन वर्षांपासून आमच्याकडे अलिबाग-मुरुड पट्ट्यात नवीन फायबर बोटी घेणारे खूप झालेत, कोणी गळाने मासेमारीसाठी, कोणी पर्यटकांसाठी, कोणी हौस म्हणून, आणि बऱ्याच जणांची सुरुवात दिवसा होते पण सहा महिन्यांत रात्रीचं निघणं सुरू होतं कारण मासा रात्री लागतो. इंजिनाबद्दल सगळे विचारतात, जीपीएसबद्दल विचारतात, दिव्यांबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, अगदी पहिल्यांदा रात्री निघणाऱ्यासाठी.

आधी माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो. अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या बाजूने आम्ही किनाऱ्यावरच्या थळकडे परत येत होतो, अमावास्येच्या आसपासची रात्र, भाच्याने जाळं-गळ आवरायला केबिनमधला पांढरा ट्यूबलाइट लावला आणि तो तसाच राहिला. बोटीच्या बाजूंचा लाल-हिरवा दिवा चालू होता, मी बघितलेला होता, त्यामुळे मी निवांत. उजवीकडून एक मोठी मासेमारी बोट येत होती ती वळेचना, उलट सरळ आमच्या पुढ्यात आली, शेवटी मीच इंजिन पूर्ण मागे घेतलं आणि ती पाच-सहा वाव अंतरावरून गेली. दुसऱ्या दिवशी त्या बोटीचे तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) काका जेटीवर भेटले. म्हणाले, "मना तुझा लाल-हिरवा दिसलाच नाय रं, नुसता पांढरा दिसला. मना वाटला तू नांगरून बसलास."

नियमाने तशीही ती बोट माझ्या उजव्या हाताला होती म्हणजे वाट मीच द्यायला हवी होती, तेही मी उशिरा केलं, ते पुढे येईलच. पण काकांच्या त्या एका वाक्यात सगळं आहे. बोटीचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतात. ते समोरच्याशी बोलण्यासाठी असतात, मी कोण आहे, केवढा आहे, कुठे तोंड करून चाललोय, काय करतोय, हे तो अंधारात फक्त दिव्यांवरून ओळखतो. मी चालत होतो आणि माझे दिवे त्याला सांगत होते की मी थांबलोय.

पहिली पायरी : कधी लावायचे

सूर्यास्त ते सूर्योदय. अंधार पडल्यावर नाही, सूर्य बुडाला की लगेच. कोकणात नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे जातो, म्हणजे हिवाळ्यात "अजून दिसतंय की" म्हणत तुम्ही अर्धा-पाऊण तास बिनदिव्याचे फिरता, आणि नेमकी तीच वेळ बोटी परतायची असते. धुकं, जोरदार पाऊस, धुरकट हवा असेल तर दिवसाही लावायचे.

हे कोणाच्या मनाचे नियम नाहीत. समुद्रातल्या टकरी टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, १५ जुलै १९७७ पासून जगभर लागू आहेत, आणि भारतात ते १९७५ च्या मर्चंट शिपिंगच्या नियमांनी आलेत. बोटवाले त्याला नुसतं "रूल ऑफ द रोड" म्हणतात. मोठ्या कंटेनर जहाजाला आणि तुमच्या वीस फुटी बोटीला पुस्तक एकच आहे. धरणात किंवा नदीत बोट चालवणार असाल तर तिथला परवाना देणाऱ्यांचे वेगळे नियम असतात, ते विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी रात्री चालवायलाच परवानगी नसते.

त्याच नियमात एक ओळ आहे जी लोक वाचतच नाहीत, की या दिव्यांशी गोंधळ होईल, किंवा ते झाकले जातील, किंवा आपल्याच नजरेला त्रास होईल असा दुसरा कुठलाही दिवा लावायचा नाही. माझा ट्यूबलाइट तिथेच चुकला.

दुसरी पायरी : कुठले दिवे, कुठे

घड्याळ डोळ्यांसमोर आणा. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, म्हणजे बारा. उजव्या बाजूला हिरवा दिवा, तो बारापासून पावणेचारपर्यंत दिसला पाहिजे. डाव्या बाजूला लाल, तो बारापासून उलटा मागे सव्वाआठपर्यंत. पावणेचार ते सव्वाआठ हा जो मागचा तुकडा उरला तिथे पांढरा, त्याला मागचा दिवा किंवा स्टर्न लाइट म्हणतात. आणि डोलकाठीवर किंवा केबिनच्या टपावर पुढच्या बाजूला तोंड केलेला पांढरा, तो लाल आणि हिरवा मिळून जेवढा भाग झाकतात तेवढ्याच भागात दिसतो. अंशात सांगायचं तर लाल-हिरवे प्रत्येकी ११२.५, वरचा पांढरा २२५, मागचा १३५. मागचा आणि वरचा मिळून बरोबर ३६० होतात, म्हणजे कुठूनही बघा, एक तरी पांढरा दिसतोच.

लांबी १२ मीटरपेक्षा कमी असेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांची असते, तर सोपं करून दिलंय. वरचा आणि मागचा असे दोन वेगळे पांढरे न लावता एकच सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा एका दांड्यावर लावायचा आणि लाल-हिरवा लावायचा. बस. २० मीटरच्या आतल्या बोटीला लाल-हिरवा एकाच डब्यात जोडून नाळेवर लावला तरी चालतो. पांढरा मात्र लाल-हिरव्यापेक्षा निदान एक मीटर उंच हवा. हा एक मीटर फार जण खातात, पांढरा आणि रंगीत जवळजवळ असले की लांबून पांढऱ्याच्या उजेडात रंग विरघळून जातो.

आता एक पळवाट आहे तिच्याबद्दल बोलायलाच पाहिजे कारण दुकानदार ती सांगतात. ७ मीटरपेक्षा लहान आणि वेग ७ नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जाऊच शकत नाही अशा बोटीला फक्त एक पांढरा चालतो, लाल-हिरवा जमलं तर लावा असं नियम म्हणतो. पण वाक्य पूर्ण वाचा, वेग ७ नॉटच्या वर जाऊ शकत नाही अशी बोट. तुमच्या सहा मीटरच्या फायबरला ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, आहे, ती वीस नॉट सहज पळते, मग ही सवलत तुम्हाला नाहीच. आणि ज्यांना आहे त्यांनीही लाल-हिरवा लावावाच असं माझं स्पष्ट मत आहे, हजार-दोन हजारांचा खर्च आहे, तेवढ्याची तर आपण बर्फ आणि चारा एका महिन्यात घेतो.

नुसती वल्हवायची होडी असेल तर एक चांगला पांढरा टॉर्च हाताशी ठेवा आणि कोणी जवळ येताना दिसलं की वेळेत दाखवा. शिडाच्या बोटीला लाल, हिरवा आणि मागचा पांढरा, वरचा पांढरा नाही. पण शीड वर असूनही इंजिन चालू केलंत की तुम्ही इंजिनची बोट झालात, दिवे तसे बदला.

तिसरी पायरी : बसवताना

इथे पैसे वाचवू नका. खारं पाणी वायरमध्ये शिरतं आणि आतल्या आत तांबं हिरवं पडून भुसभुशीत होतं, बाहेरून वायर नवी कोरी दिसते. घरगुती वायर सहा महिन्यांत जाते. कथील चढवलेली मरीन वायर घ्या, प्रत्येक जोड हीट-श्रिंक ट्यूबमध्ये बंद करा, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड समुद्रात टिकत नाही. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, म्हणजे एक गेला तर सगळे जात नाहीत, आणि इंजिन सुरू करायची बॅटरी आणि दिव्यांची बॅटरी जमलं तर वेगळी ठेवा.

बल्बचा हिशोब करून बघा. जुने तारेचे १० वॉटचे तीन बल्ब म्हणजे ३० वॉट, १२ व्होल्टला अडीच अँपियर, दहा तासांच्या रात्रीत २५ अँपियर-तास गेले. तेच एलईडी दोन-दोन वॉटचे घेतले तर रात्रभरात पाच. म्हणून एलईडी घ्याच, पण दोन गोष्टी सांभाळून. एक म्हणजे जुन्या हिरव्या-लाल काचेच्या आत साधा पांढरा एलईडी बल्ब खुपसू नका, त्याचा उजेड निळसर असतो आणि हिरव्या काचेतून तो निळसर-पांढरट दिसायला लागतो, लांबून रंग कळत नाही. नेव्हिगेशनसाठीच बनवलेला सीलबंद दिवा घ्या ज्यावर किती मैलांवरून दिसतो ते लिहिलेलं असतं. १२ मीटरखालच्या बोटीला पांढरा दोन सागरी मैल आणि लाल-हिरवा एक मैल, हे कमीत कमी आहे. दुसरं म्हणजे काही स्वस्त एलईडी लावले की व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या रेडिओवर, खरखर सुरू होते आणि लांबचा आवाज ऐकूच येत नाही. जेटीवरच तपासा, व्हीएचएफ चालू ठेवून दिवे बंद-चालू करा, खरखर वाढली तर तो दिवा परत द्या.

एक मैल म्हणजे किती वेळ ते डोक्यात ठेवा. सागरी मैल १.८५२ किलोमीटर. समोरचं जहाज १५ नॉटने येतंय, तुम्ही ५ नॉटने त्याच्याकडे चाललाय, दोघं मिळून २० नॉट, एक मैल अंतर तीन मिनिटांत संपतं. तुमचा हिरवा दिवा अगदी चोख असला तरी त्या जहाजावरच्या माणसाला तो दिसल्यापासून तीन मिनिटं आहेत, आणि मोठं जहाज तीन मिनिटांत थांबत नाही. काचेवर मिठाचा थर बसला असेल तर ती तीन मिनिटंही नाहीत.

चौथी पायरी : निघायच्या आधी जेटीवर

ही माझी रोजची सवय आहे, दहा मिनिटं लागतात. ऊन उतरलं की सगळे दिवे लावतो आणि ओल्या फडक्याने काचा पुसतो, गोड्या पाण्याने, मीठ गेलं की हाताला काच गुळगुळीत लागते तोपर्यंत. मग बोटीतून उतरून जेटीवर येतो आणि बोटीला समोरून बघतो, लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत. मग हळूहळू उजव्या बाजूने चालत जातो, नाळेवरून बाजूला सरकलो की लाल गायब व्हायला हवा आणि हिरवा राहायला हवा. तिथून मागे चालत जाताना एका जागी हिरवा विझल्यासारखा जातो, ती जागा बरोबर पावणेचारला हवी. खूप आधी गेला तर समजा मध्ये काहीतरी येतंय, माझ्याकडे एकदा नेमकं लाइफबॉयचं कडं मध्ये येत होतं. कधी बर्फाची पेटी, कधी लटकवलेलं रेनकोट, कधी आउटबोर्डचं वर केलेलं डोकं मागच्या दिव्यापुढे येतं. कधी माणूसच येतो, मागच्या फळीवर बसलेला पाहुणा रात्रभर तुमचा पांढरा दिवा पाठीने झाकून बसतो. पांढरा दांडा उंच हवा त्याचं हेही एक कारण.

वायर हलवून बघा, बोट हेलकावताना दिवा लुकलुकायला लागला तर जोड सैल आहे. जादा फ्यूज, एक जादा बल्ब, आणि सेलवर चालणारा आणीबाणीचा लाल-हिरवा-पांढरा सेट एका डब्यात. टॉर्च दोन, एक नाही.

पाचवी पायरी : निघाल्यावर बोटीत अंधार

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक उजेड ती दोन सेकंदांत घालवतो. म्हणून निघाल्यावर केबिनचा पांढरा दिवा बंद, जीपीएसची स्क्रीन रात्रीच्या मोडवर आणि उजेड कमीत कमी, मोबाइल खिशात. काम करायचंच असेल तर लाल उजेडाचा डोक्याला लावायचा टॉर्च वापरा, लाल उजेडाने नजर तेवढी जात नाही. पण तो लाल टॉर्च बाहेर दाखवू नका, लांबून तो लाल दिवाच वाटेल.

सजावटीच्या लायटिंगबद्दल इथेच सांगतो. नारळी पौर्णिमेला बोटी सजवतात, छान दिसतात, बंदरात उभ्या असताना हरकत नाही. पण तीच लाल-हिरवी-निळी लुकलुकणारी पट्टी कठड्याला वर्षभर ठेवून लोक समुद्रात जातात, पर्यटकांच्या बोटी तर जास्तच. लांबून ती बोट कुठल्या दिशेला चाललीय हे कोणालाही सांगता येत नाही. समुद्रात जाताना ती पट्टी बंद, कायमची.

सहावी पायरी : समोरच्याचे दिवे वाचायला शिका

ही सगळ्यात मोठी पायरी आहे आणि ती वाचून नाही येत, निघून बघूनच येते. पहिले चार-पाच वेळा जाणत्या माणसाबरोबर जा आणि प्रत्येक दिव्याला "हा काय आहे" म्हणून मोठ्याने ओळखा.

समोरच्याचा लाल आणि हिरवा दोन्ही दिसले म्हणजे तो सरळ तुमच्याकडे येतोय. फक्त हिरवा दिसला तर त्याची उजवी बाजू तुमच्याकडे आहे, तो तुमच्या डावीकडून उजवीकडे चाललाय. फक्त लाल, तर उजवीकडून डावीकडे. नुसता पांढरा दिसला तर तीन-चार शक्यता असतात, तो पाठमोरा चाललाय, किंवा नांगरलेला आहे, किंवा लहान होडी आहे, किंवा माझ्यासारखा कोणीतरी ट्यूबलाइट लावून बसलाय. म्हणून नुसत्या पांढऱ्याला कधीच हलकं समजू नका.

मोठं जहाज म्हणजे ५० मीटरच्या वरचं, त्याला दोन पांढरे असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. हे दोन पांढरे सगळ्यात कामाचे, कारण ते सहा मैलांवरून दिसले पाहिजेत असा नियम आहे, लाल-हिरवा तीन मैलांवरून. म्हणजे रंग दिसायच्या खूप आधी पांढरे दिसतात. त्यांच्यातलं अंतर बघा. खालचा डावीकडे आणि वरचा उजवीकडे असेल तर जहाज डावीकडे चाललंय. दोन्ही जवळ जवळ येत एकावर एक उभे राहिले तर जहाजाचं तोंड तुमच्याकडे झालंय, रंग दिसायची वाट बघू नका, बाजूला व्हा.

मासेमारीचे: हिरव्याखाली पांढरा म्हणजे ट्रॉलर ओढतोय, मागे जाळं आहे, त्याच्या मागून जवळून जायचं नाही. लालखाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची मासेमारी, जाळं १५० मीटरच्या पुढे पसरलं असेल तर ज्या बाजूला जाळं त्या बाजूला आणखी एक पांढरा. पर्सनेटवाल्यांचे, म्हणजे जाळ्याने माशांचा थवा घेरणाऱ्यांचे, एकाआड एक चमकणारे दोन पिवळे दिसतील. हे दिवे फक्त मासेमारी चालू असतानाच लावायचे असतात, घरी परतताना बंद करून साधे दिवे लावायचे, पण आपल्याकडे बरेच जण तसेच चालू ठेवतात, त्यामुळे बघणाऱ्याने दोन्ही शक्यता धराव्यात.

बाकीचे पटकन. एकावर एक दोन लाल, तो ताब्यात नाही, इंजिन किंवा सुकाणू गेलंय. लाल-पांढरा-लाल, तो काहीतरी काम करतोय ज्यामुळे वळू शकत नाही, जसा गाळ काढणारा ड्रेजर. तीन लाल, खूप खोल बसलेलं जहाज. पांढऱ्याखाली लाल, पायलट बोट, म्हणजे मोठ्या जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या माणसाची. एकावर एक दोन पांढरे, आणि ओढणाऱ्याच्या मागच्या टोकापासून ओढलेल्याच्या शेवटापर्यंत २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर तीन, म्हणजे तो टग (ओढणारी बोट) आहे, मागे काहीतरी ओढतोय. हे शेवटचं नीट पाठ करा. टग पुढे निघून गेला म्हणून त्याच्या मागून बोट घालू नका, मागे अंधारात पाण्याला टेकलेली लोखंडी दोरी आणि तिच्या मागे बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोट, असतो, आणि बार्जचे दिवे बहुधा मिणमिणते असतात.

मुंबईजवळ आणखी एक अडचण. मागे शहराचे हजारो दिवे, समोर नांगरलेली जहाजं ज्यांचे डेक पूर्ण उजळलेले, १०० मीटरच्या वरच्या नांगरलेल्या जहाजाला डेक उजळायचाच नियम आहे, आणि त्या झगमगाटात एक चालणारी बोट शोधायची. तिथे हलणारा दिवा शोधा. आणि किनाऱ्यावरचे दिवे एकामागे एक विझतायत आणि पुन्हा लागतायत असं दिसलं तर तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधून काहीतरी काळं मोठं जातंय.

सातवी पायरी : वाट कोणी द्यायची

इंजिनच्या दोन बोटींचं सांगतो. समोरासमोर असाल तर दोघांनी उजवीकडे वळायचं, लाल-लाल दाखवत एकमेकांच्या डावीकडून जायचं. रस्त्यावर आपण डावीकडून चालवतो त्यामुळे घाईत हात डावीकडे जातो, माझाही सुरुवातीला जायचा, म्हणून हे आधी मनात घोकून ठेवा. आडवे येत असाल तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने वाट द्यायची. सिग्नलसारखं लक्षात ठेवा, उजवीकडच्या बोटीचा लाल दिसतोय, थांबा, मागून जा. डावीकडच्या बोटीचा हिरवा दिसतोय, तुम्ही तुमच्या दिशेने चालत राहा, पण लक्ष ठेवून. मागून गाठत असाल, म्हणजे तुम्हाला त्याचा फक्त मागचा पांढरा दिसतोय, तर पूर्ण जबाबदारी तुमची.

वळायचं तर मोठं वळा आणि लवकर वळा. पाच-दहा अंशांनी हळूच वळलात तर समोरच्याला तुमचे दिवे तेच दिसतात, त्याला कळतच नाही. असं वळा की त्याला हिरव्याचा लाल झालेला दिसेल.

टक्कर होणार की नाही हे कसं ओळखायचं? आपली दिशा स्थिर ठेवा आणि त्याचा दिवा बोटीवरच्या एखाद्या खांबाशी किंवा होकायंत्रावर जुळवून बघा. दिवा मागे सरकत गेला तर तो तुमच्या मागून जाईल, पुढे सरकला तर पुढून. दिवा जागचा हलतच नाही आणि मोठा होतोय, तर टक्कर ठरलेली आहे, लगेच काहीतरी करा.

कागदावर मासेमारी करणाऱ्या बोटीला इंजिनच्या जहाजाने वाट द्यायची असते, पण अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे जहाजांच्या ठरलेल्या अरुंद वाटेत, नाही, तिथे मासेमारीवाल्यांनी आणि २० मीटरखालच्या सगळ्यांनी मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही. आणि खरं सांगायचं तर उघड्या समुद्रातही २०० मीटरच्या जहाजासमोर हक्काची वाट बघत बसू नका, त्याच्या नाळेखालचं पाणी त्याला दिसतच नाही. तो आपल्याला बघतोय का अशी शंका आली तर टॉर्चने पटापट पाच छोटे फ्लॅश द्या आणि मग टॉर्च स्वतःच्या केबिनवर मारा म्हणजे बोट उजळून दिसेल. सर्चलाइट समोरच्या सुकाणूवाल्याच्या डोळ्यात मारू नका, तो आंधळा झाला तर तुम्हालाच धडकेल.

आठवी पायरी : जाळी आणि एलईडी

पाण्याला टेकून लुकलुकणारे छोटे दिवे दिसले तर ती बोट नाही, गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याच्या, टोकाचे बोये (तरंगत्या खुणा) असतात. एक दिसला की दुसरा शोधा, मध्ये जाळं आहे, वळसा घाला, कोणाच्या तरी महिन्याची कमाई तिथे पाण्यात आहे आणि तुमचा पंखाही. रायगड-पालघरकडे डोल जाळ्यांचे, म्हणजे एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, बोये असतात त्यांना बहुतेक वेळा दिवाच नसतो, म्हणून ती जागा दिवसा बघून जीपीएसवर मारून ठेवा.

लांब आभाळात पांढरा उजेड पसरलेला दिसतो ना, जणू समुद्रात गाव आहे, ती एलईडीची मासेमारी, प्रखर दिव्यांनी मासा ओढून घेणारी. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताच्या समुद्रातल्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायदा आणखी कडक केला, तरी चालतं. माशांचं काय नुकसान होतं ते कोणत्याही पारंपरिक मच्छीमाराला विचारा. दिव्यांच्या बाजूने बोलायचं तर त्या उजेडात त्या बोटीचे स्वतःचे दिवे दिसत नाहीत, आणि आपली नजरही जाते. तिच्यापासून लांबून जा आणि गेल्यावर पुन्हा वीस मिनिटं हळू चालवा.

नववी पायरी : नांगरल्यावर

नांगर टाकून गळ घालून बसलात की लाल-हिरवा बंद आणि सगळीकडून दिसणारा एक पांढरा चालू. सगळे दिवे बंद करून झोपणं हा जिवाशी खेळ आहे. ७ मीटरखालच्या बोटीला चॅनेलपासून आणि रहदारीपासून लांब असेल तर सूट आहे पण आपल्या खाड्यांत रहदारी नसलेली जागा कुठे आहे? आणि नांगर न टाकता नुसतं इंजिन बंद करून वाहत असाल तर तुम्ही नांगरलेले नाही, लाल-हिरवा चालूच राहील.

दहावी पायरी : बंदरात शिरताना

आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल बोया डावीकडे ठेवायचा आणि हिरवा उजवीकडे, बोटीच्या दिव्यांसारखंच. बाहेर जाताना उलट. बोये आणि दीपगृहं रंगाबरोबर चमकण्याच्या तालावरून ओळखायची, नकाशावर लिहिलेलं असतं किती सेकंदांत किती वेळा, ते घड्याळ लावून मोजा, अंदाजाने नाही. खांदेरीचा दिवा १८६७ पासून आहे, आज त्याला कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणतात, आमच्या घरातल्या तीन पिढ्या तोच मोजत घरी आल्या. मालवणसारख्या खडकाळ किनाऱ्यावर तर रात्री पहिल्यांदा शिरूच नका, सगळ्या खडकांवर दिवे नसतात, ओहोटीला दिवसा जाऊन वाट बघून ठेवा.

दिवे गेलेच तर

आधी वेग कमी. फ्यूज बघा, मग बॅटरीचे टर्मिनल, मग सेलवाला जादा सेट लावा. तोही नसेल तर टॉर्च हातात घेऊन किनाऱ्याकडे हळू या, मधून मधून केबिनवर मारत. जिवावर बेतलं असेल तरच लाल फ्लेअर, म्हणजे मदत मागायला पेटवायची नळी. हातातला फ्लेअर मिनिटभर जळतो, वाऱ्याच्या खालच्या बाजूला हात लांब करून धरायचा, नाहीतर ठिणग्या बोटीत पडतात आणि तिथे पेट्रोल असतं. पॅराशूटवाला तीनशे मीटर वर जातो. पहिला लगेच, पुढचे एखादी बोट किंवा विमान दिसल्यावर, सगळे एकदम उडवू नका. डब्यावरची एक्सपायरी तारीख दरवर्षी बघा. व्हीएचएफ चॅनेल १६, कोस्ट गार्ड १५५४, सागरी पोलीस १०९३. हे नंबर मोबाइलमध्ये असतातच, पण मोबाइल भिजतो, म्हणून मी ते सुकाणूच्या समोर फळीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलेत, भाच्याने लिहिलेत, अक्षरं चांगली बोटभर उंच, लाल टॉर्चच्या उजेडातही वाचता येतात.